पेनड्राइव्हसाठी फाइल सिस्टीम कोणती आणि पार्टिशनं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आहे आणि त्यावर सध्या फॅट३२ ही फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, आहे. सत्तर जीबी जागा रिकामी असूनही साडेपाच जीबीचा व्हिडिओ कॉपी होत नाही, फाइल फार मोठी असल्याचा निरोप येतो. ड्राइव्ह विंडोजच्या लॅपटॉपला, ऑफिसातल्या मॅकला आणि टीव्हीला लागतो, अधूनमधून लिनक्स इन्स्टॉल करायलाही लागतो. ‘एनटीएफएस करा, तीच सगळ्यात सुरक्षित’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. शिवाय दोन पार्टिशनं, म्हणजे ड्राइव्हचे दोन वेगळे भाग, करून एकात व्हिडिओ आणि दुसऱ्यात कागदपत्रं ठेवली, तर एक बिघडलं तरी दुसरं वाचेल का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग खोलात जाऊ. एक्सफॅट करा, एकच पार्टिशन ठेवा, पार्टिशन टेबल (पार्टिशनं कुठे आहेत याची ड्राइव्हवरची नोंद) एमबीआर प्रकारचा ठेवा आणि लिनक्स इन्स्टॉल करायला वेगळा लहान पेनड्राइव्ह घ्या. एनटीएफएसचा सल्ला तुमच्या कामाला लागू पडत नाही, आणि दोन पार्टिशनांमुळे कागदपत्रं सुरक्षित होणार नाहीत. ही शेवटची समजूत मला सर्वांत घातक वाटते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे.

संगणकाच्या आतल्या डिस्कचा संबंध बहुतेक वेळा एकाच ऑपरेटिंग सिस्टीमशी येतो. पेनड्राइव्हचं तसं नाही. तो जिथे लावाल तिथल्या यंत्राला वाचता आला पाहिजे. म्हणून फाइल सिस्टीमचे गुणदोष मोजत बसण्याआधी, ड्राइव्ह कोणकोणत्या यंत्रांना लागणार याची यादी करा. त्या यादीतलं सगळ्यात कमी समजणारं यंत्र तुमचा निर्णय बरंचसं ठरवून टाकतं. तुमच्या यादीत ते यंत्र म्हणजे टीव्ही.

आता तुमचा व्हिडिओ का अडला ते पाहू. फॅट३२ विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर १९९६ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक फाइलच्या नोंदीत आकार लिहायला ३२ बिट राखलेले असतात. त्यात बसणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्हवर कितीही जागा असली तरी याहून मोठी फाइल त्या नोंदीत लिहिताच येत नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दिसत नाही, म्हणून लोकांना ती फॅट३२ ची मर्यादा वाटते. ती विंडोजने त्या खिडकीला घातलेली अट आहे. नेहमीच्या ५१२ बाइटांच्या सेक्टरवर फॅट३२ दोन टीबीपर्यंत जाते.

एवढी जुनी असूनही फॅट३२ टिकून आहे, कारण ती सगळ्यांना वाचता येते. गाडीतला म्युझिक सिस्टीम, प्रिंटर, जुना कॅमेरा, मशीनचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं सॉकेट, अशा ठिकाणी डोळे मिटून फॅट३२ आणि एमबीआर वापरा. मोठी फाइल नसेल तर तिथे दुसरा विचार करायची गरज नाही.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फॅट३२ मध्ये लांब नाव तुकड्यातुकड्यांनी साठवलं जातं आणि एका तुकड्यात १३ चिन्हं मावतात. काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येक गोष्ट वेगळं चिन्ह म्हणून मोजली जाते. ‘प्रश्नपत्रिका’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो बरोबर १३ चिन्हांचा भरतो. पुढे टिंब आणि पीडीएफचं एक्स्टेन्शन आलं की दुसरा तुकडा लागतो, शिवाय जुन्या पद्धतीच्या आखूड नावाची एक नोंद असतेच. म्हणजे एका फाइलमागे तीन नोंदी. एका फोल्डरात नोंदींची कमाल संख्या ६५,५३६. त्यामुळे हजारो स्कॅन एकाच फोल्डरात ओतले आणि नावं लांब असली, तर जागा शिल्लक असतानाही कॉपी मध्येच थांबते. उपाय सोपा आहे, पोटफोल्डर करा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर अडचण वेगळी आहे. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे साधारण ८५ चिन्हं झाली की संपलं. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर २५५ चिन्हं चालतात. पूर्ण वाक्यासारखं नाव दिलेली मराठी फाइल पेनड्राइव्हवर नीट बसते आणि लिनक्सच्या डिस्कवर उतरवताना नाव फार लांब म्हणून नाकारली जाते, त्याचं कारण हे.

एनटीएफएस १९९३ पासून विंडोज एनटीबरोबर आहे आणि विंडोजच्या आतल्या डिस्कसाठी उत्तम आहे. पण तुमच्या यादीत मॅक आहे. मॅक स्वतःहून एनटीएफएस फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. लिहायचं तर वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागतं, आणि ऑफिसच्या मॅकवर ती परवानगी असेलच असं नाही. दुसरी अडचण मालकी हक्कांची. एनटीएफएसवर प्रत्येक फाइलला परवानग्या असतात आणि त्या ज्या संगणकावर दिल्या तिथल्या वापरकर्त्यांशी बांधलेल्या असतात. दुसऱ्या संगणकावर तो वापरकर्ता अस्तित्वातच नसतो, मग स्वतःचीच फाइल उघडताना परवानगी नाकारल्याचा निरोप येतो.

आणि ‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय? एनटीएफएसमध्ये जर्नल असतो, म्हणजे करायचे बदल आधी नोंदवून मग अमलात आणायचे. मध्येच वीज गेली तर नोंद पाहून फाइल सिस्टीमचा सांगाडा पुन्हा जुळवता येतो. मात्र हा जर्नल सांगाड्यापुरता आहे. त्या क्षणी लिहिली जात असलेली तुमची फाइल पूर्ण होईल, याची हमी तो देत नाही. शिवाय पेनड्राइव्हच्या आत स्वतःचा एक कंट्रोलर असतो आणि कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये कुठे आहे याचा तक्ता तो सांभाळतो. लिहिताना ड्राइव्ह ओढला आणि तो तक्ताच बिघडला, तर वर कुठली फाइल सिस्टीम होती याने काही फरक पडत नाही. संगणकाला तो ड्राइव्ह शून्य बाइटांचा दिसतो.

तरीही ड्राइव्ह फक्त विंडोजच्या संगणकांमध्येच फिरणार असेल आणि त्यावर हजारो बारीक फाइली असतील, तर एनटीएफएस चांगली. कारण क्लस्टरमध्ये आहे.

फाइल सिस्टीम जागा क्लस्टरच्या मापाने देते. फाइल एक केबीची असली तरी पूर्ण क्लस्टर अडतो. विंडोजमध्ये काही न बदलता ३२ जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह एक्सफॅट केला, की क्लस्टर १२८ केबीचा पडतो. एनटीएफएसवर तो ४ केबीचा असतो. वीस हजार छोट्या टेक्स्ट फाइली घेतल्या, तर त्यांचा खरा आकार वीस एमबी असेल, पण एक्सफॅटवर त्या जवळजवळ अडीच जीबी जागा खातात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे शेजारी दिसतात, त्यातली तफावत हीच. मोठे व्हिडिओ असतील तर १२८ केबी अगदी योग्य आहे, उगाच कमी करू नका. प्रोजेक्टची फोल्डरं न्यायची असतील तर झिप करून न्या. जागा वाचते आणि कॉपीही कितीतरी लवकर होते, कारण पेनड्राइव्हला एका मोठ्या फाइलपेक्षा हजार छोट्या फाइली लिहिणं फार जड जातं.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फ्लॅश मेमरी डोळ्यांसमोर ठेवूनच आणली. चार जीबीची अट नाही. मोकळी जागा कुठे आहे हे ती एका बिटमॅपमध्ये ठेवते, आणि फाइल सलग जागेत बसली तर फॅटच्या, म्हणजे फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याच्या, साखळीत तिच्या नोंदी लिहायची गरज उरत नाही. साहजिकच ड्राइव्हवर बारीकसारीक लिखाण कमी होतं. ३२ जीबीच्या वरच्या एसडीएक्ससी कार्डांसाठी २००९ मध्ये हीच फाइल सिस्टीम ठरली, त्यामुळे कॅमेरावाल्यांनी ती उचलली. मॅकवर ती १०.६.५ पासून वाचता-लिहिता येते. लिनक्सवर बरीच वर्षं अडचण होती, परवाने मायक्रोसॉफ्टकडे होते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचं तांत्रिक वर्णन खुलं केलं आणि २०२० च्या ५.७ कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) चांगला ड्रायव्हर आला. आजच्या कुठल्याही लिनक्सवर वेगळं काही करावं लागत नाही. जुन्या टीव्हींमध्ये एक्सफॅट न दिसण्यामागेही परवान्याचा तोच खर्च आहे. तुमचा टीव्ही ती वाचतो का, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये यूएसबीच्या पानावर लिहिलेलं असतं.

तिची उणीव स्पष्ट सांगतो. एक्सफॅटमध्ये जर्नल नाही. फॅट३२ मध्ये फॅटच्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये सहसा एकच. म्हणून लिहिताना ड्राइव्ह काढला तर नुकसान होऊ शकतं. यावर उपाय फाइल सिस्टीम बदलणं हा नाही, ड्राइव्ह नीट काढणं हा आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू असतं, म्हणजे लिखाण फार वेळ मेमरीत अडकवून ठेवलं जात नाही. लिनक्सवर मात्र ते सर्रास अडकतं. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते, खिडकी बंद होते, आणि प्रत्यक्षात एक-दोन जीबी अजून रॅममध्येच असतात. तिथे इजेक्ट दाबल्यावर ड्राइव्ह काढायला हरकत नसल्याचा निरोप येईपर्यंत थांबायलाच हवं, मग कितीही वेळ लागो. दिवा लुकलुकायचा थांबला हा पुरावा नाही. काही ड्राइव्हना दिवाच नसतो, आणि असला तरी कंट्रोलरचं आतलं काम तो दाखवतोच असं नाही.

आता पार्टिशनं. डेटा वाचवण्यासाठी दोन करायची कल्पना जुन्या, फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवरून आली आहे. तिथे पार्टिशन म्हणजे तबकडीचा खरोखर एक वेगळा पट्टा असे. पेनड्राइव्हमध्ये तसं काही नाही. पार्टिशनची सीमा फक्त संगणकाला दिसणाऱ्या पत्त्यांमध्ये असते. त्या पत्त्यामागचा डेटा कुठल्या चिपच्या कुठल्या ब्लॉकमध्ये जाईल हे कंट्रोलर ठरवतो, आणि जागा झिजू नये म्हणून तो डेटा इकडून तिकडे हलवतही राहतो. फ्लॅशमध्ये लिहिणं लहान पानांमध्ये होतं, पण पुसणं एकदम मोठ्या ब्लॉकचं. त्यामुळे तुमचे व्हिडिओ आणि तुमची कागदपत्रं एकाच चिपवर शेजारीशेजारी असू शकतात, मग वर पार्टिशनं दोन असोत की पाच. एका खोलीत पडदा लावून दोन खोल्या केल्या, तरी छप्पर गळलं की दोन्ही भिजणार. फाइल सिस्टीमचा किरकोळ बिघाड एका पार्टिशनपुरता राहू शकतो, हे खरं. पण पेनड्राइव्ह खरोखर जातात ते कंट्रोलर बंद पडल्यामुळे, चिप झिजल्यामुळे, कनेक्टर तुटल्यामुळे किंवा ड्राइव्हच हरवल्यामुळे, आणि या चारही प्रसंगी सगळं एकदम जातं. कागदपत्रं महत्त्वाची असतील तर त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या वस्तूवर हवी. याला पर्याय नाही, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

दोन पार्टिशनांचा त्रास वेगळाच. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपूर्वी विंडोज पेनड्राइव्हवरचं फक्त पहिलं पार्टिशन दाखवत असे. बरेच टीव्ही आणि गाड्यांमधले प्लेअर आजही तसेच आहेत. म्हणून काही कारणाने दोन करावीच लागली, तर जे सगळीकडे दिसायला हवं ते पहिलं ठेवा.

पार्टिशन टेबलचं गणित सोपं आहे. एमबीआर दोन टीबीपर्यंत चालतो आणि सगळ्यांना कळतो. जीपीटी नवा आणि अधिक भक्कम आहे, पण टीव्हीसारख्या यंत्रांना अनेकदा कळत नाही. दोन टीबीच्या आतल्या पेनड्राइव्हला एमबीआरच ठेवा. मॅकवर फॉरमॅट करताना इथेच पाय घसरतो. डिस्क युटिलिटीमध्ये ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडून सगळ्यात वरचं नाव, म्हणजे पूर्ण ड्राइव्ह, निवडला नाही तर स्कीम, म्हणजे पार्टिशन टेबलचा प्रकार, बदलायचा पर्यायच येत नाही. आणि स्कीम ‘जीयूआयडी’ (म्हणजे जीपीटी) राहिली तर मॅक सुरुवातीला २०० एमबीचं एक लपलेलं पार्टिशन करून ठेवतो. पहिलंच पार्टिशन वाचणाऱ्या यंत्राला मग तेच सापडतं आणि तुमचा डेटा दिसत नाही. फॉरमॅट बरोबर एक्सफॅट निवडलेला असतो, म्हणून माणूस तासन्तास टीव्हीला दोष देत बसतो. स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ घ्या. लिनक्सवर एफडिस्क वापरत असाल तर असाच एक बारकावा आहे: एमबीआरमध्ये नव्या पार्टिशनचा प्रकार आपोआप ८३, म्हणजे लिनक्स, असा पडतो. आत एक्सफॅट असली तरी तो आकडा पाहून विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर देत नाही. प्रकार बदलून ७ करा.

ईएक्सटी४ पेनड्राइव्हवर घालावी का? दोन्ही टोकांना लिनक्सच असेल आणि परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) जपायचे असतील, तरच. असा ड्राइव्ह चुकून विंडोजला लावला की तो वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, असं विचारणारी खिडकी उघडते, आणि घाईत होकार दिला की सगळं पुसलं जातं. दुसऱ्यांच्या हाती जाणारा ड्राइव्ह या कारणाने ईएक्सटी४ करू नये.

इन्स्टॉलेशनसाठी वेगळा ड्राइव्ह घ्या म्हणालो, त्याचं कारण यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करणारं फर्मवेअर. त्याच्या नियमांनुसार बूट करण्यासाठी फर्मवेअरला फॅटच वाचता येण्याची खात्री असते. काही मदरबोर्ड एनटीएफएसही वाचतात, पण त्यावर विसंबू नये. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ फाइली (इन्स्टॉलेशनच्या पूर्ण डिस्कच्या प्रती) जशाच्या तशा ड्राइव्हवर लिहिल्या की बूट होतात, मात्र तसं लिहिताना ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. नंतर तोच ड्राइव्ह विंडोजला लावला की तो काही एमबीचाच दिसतो आणि लोकांना वाटतं की तो बाद झाला. तो ठीक असतो, फक्त त्यावर आयएसओची मांडणी उरलेली असते. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात जाऊन ड्राइव्ह निवडा, ‘क्लीन’ द्या, नवं प्रायमरी पार्टिशन करा आणि एक्सफॅट फॉरमॅट करा. ‘क्लीन’ देण्याआधी डिस्कचा नंबर दोनदा तपासा, तो परत विचारत नाही. ओळख पटवायला आकार पाहा: १२८ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ११९ जीबीच्या आसपास किंवा थोडा कमी दिसतो, कारण बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या.

विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये एक पेच आहे. त्यातली ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही फाइल अनेकदा चार जीबीच्या वर जाते, म्हणजे फॅट३२ वर बसत नाही. डिझम या साधनाने तिचे तुकडे करता येतात, किंवा रुफस हे सॉफ्टवेअर स्वतः एक छोटं मदतीचं पार्टिशन करून एनटीएफएसवरून बूट घडवतं. वेगळा ड्राइव्ह घ्यायचाच नसेल तर व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर पाहा. ते पुढे मोठं एक्सफॅट पार्टिशन आणि शेवटी ३२ एमबीचं बूटचं पार्टिशन करतं. आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, उरलेल्या जागेत आपल्या फाइली. दोन पार्टिशनांचा हा एक उपयोग मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यात डेटाचं पार्टिशन पहिलं आहे हेही लक्षात घ्या.

प्रत्यक्ष करताना आधी ड्राइव्हवरचं सगळं संगणकावर उतरवा आणि दोन-चार मोठ्या फाइली उघडून पाहा. मगच फॉरमॅट. क्विक फॉरमॅट पुरेसा आहे. विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट संपूर्ण ड्राइव्हवर शून्यं लिहितो, त्यात वेळ जातो आणि चिपची उगाच थोडी झीज होते. ड्राइव्ह नवा असेल किंवा संशयास्पद स्वस्त मिळाला असेल, तर मात्र त्याची क्षमता खरी आहे का ते तपासून घ्या. लेबलवर १२८ जीबी, आत ८ जीबीची चिप आणि खोटा आकडा सांगणारा कंट्रोलर, असे ड्राइव्ह विकले जातात. त्यांच्यावर कॉपी सुरळीत होते, नावं दिसतात, फाइली मात्र उघडत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही साधनं पूर्ण ड्राइव्ह भरून, परत वाचून ताळा घेतात. हे फॉरमॅटनंतर, डेटा परत टाकण्याआधी करा.

शेवटी फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर तो साडेपाच जीबीचा व्हिडिओ टाका, इजेक्ट करा आणि आधी टीव्हीला लावून पाहा. ड्राइव्ह दिसला पण व्हिडिओ लागला नाही, तर दोष कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवलाय तिचा, आहे, फाइल सिस्टीमला हात लावू नका. ड्राइव्हच दिसला नाही, तर टीव्हीला एक्सफॅट कळत नाही. अशा वेळी टीव्हीसाठी एक लहान ड्राइव्ह एनटीएफएस करून विंडोजवरून भरा, कारण एक्सफॅट न वाचणारे बरेच टीव्ही एनटीएफएस वाचतात. तेही जमलं नाही, तर व्हिडिओचे चार जीबीच्या आतले दोन भाग करून फॅट३२ वर टाका. १२८ जीबीचा ड्राइव्ह लॅपटॉप आणि मॅकसाठी एक्सफॅटच राहू द्या.